जुन्या संगणकावर हलकं लिनक्स: आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

हलक्या लिनक्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात हलकं कुठलं?" मीही बरीच वर्षं त्याच शोधात होतो. एक डिस्ट्रो (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एक तयार आवृत्ती) सुरू झाल्यावर २०० एमबी रॅम खातो, दुसरा ३००, तिसरा ६००. मग पहिल्याच्या मागे लागायचं, त्याच्या विचित्र मेनूंशी झटापट करायची, आणि शेवटी ब्राउझर उघडून बातम्यांचं एक पान लोड केलं की वाचवलेले सगळे एमबी एका टॅबमध्ये गडप. आजचा ब्राउझर चार-पाच टॅबांत दीड जीबी सहज घेतो. नाकापेक्षा मोती जड, तो हा प्रकार.

म्हणून इथे डिस्ट्रोंची शर्यत लावत नाही. तुमच्या मशीनवर तुमचं रोजचं काम कितपत होतं, हे डिस्कला हात न लावता एका संध्याकाळी कसं तपासायचं आणि पटलं तर पुढे इन्स्टॉल कसं करायचं, एवढंच सांगतो.

"जुनं" म्हणजे काय तेही ठरवून घेऊ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बरीचशी मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. पण २०१५-१६ चा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप लिनक्सच्या हिशेबाने म्हातारा नाही. त्यावर कुठलंही नेहमीचं लिनक्स घाला, हा लेख वाचायची गरजही नाही. मी बोलतोय ते साधारण २००६ ते २०१२ मधल्या, १ ते ४ जीबी रॅमच्या मशीनांबद्दल.

पायरी १: मशीनची तपासणी

चार गोष्टी कागदावर लिहा: प्रोसेसर ३२ बिटचा की ६४, रॅम किती, डिस्क फिरणारी की एसएसडी, आणि बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) जुन्या पद्धतीचं की नव्या, म्हणजे यूईएफआय.

पहिल्या गोष्टीत बरेच जण फसतात. मशीनवर ३२ बिटचं विंडोज आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटचा असं नसतं. विंडोजच्या "सिस्टिम" पानावर "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर" असं दिसलं तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे, खुशाल पुढे जा. इंटेलचा कोअर २ ड्युओ २००६ मध्ये आला, तो ६४ बिटचा. त्याच्या आधीचा नुसता कोअर ड्युओ, पेंटियम एम आणि २००८ च्या नेटबुकांमधला ॲटम एन२७० हे मात्र ३२ बिटचे.

प्रोसेसर खरोखर ३२ बिटचा निघाला तर अपेक्षा कमी ठेवा. उबुंटू या डिस्ट्रोच्या परिवाराची शेवटची ३२ बिट दीर्घकालीन आवृत्ती १८.०४ होती. डेबियन या डिस्ट्रोच्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. गुगल क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्ये सोडलं, आणि फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून त्यासाठी बिल्ड काढणं थांबवलं. डेबियन १२ वर बेतलेले अँटीएक्स २३ किंवा एमएक्स २३ अशा मशीनवर चालतात. लिहिणं, गाणी ऐकणं, जुने खेळ यासाठी चांगले चालतात. पण बँकेचे व्यवहार मी त्यावर करणार नाही. ब्राउझरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या की खालची सिस्टिम कितीही ताजी असो, दार उघडंच.

डिस्कबद्दल एकच सांगतो. फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि थोडा खर्च करायची तयारी असेल, तर डिस्ट्रो निवडण्याआधी साधी साटा एसएसडी घ्या. जुनं मशीन "हळू" वाटतं त्यातला मोठा वाटा डिस्कची वाट बघण्याचा असतो. दुसरा नंबर रॅमचा. २ जीबीची ४ जीबी केली तर ब्राउझरचा सगळा नूर पालटतो. मात्र मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते आधी बघा. पहिल्या काळातल्या अनेक नेटबुकांत २ जीबीच्या वर जाताच येत नाही. डीडीआर२ रॅमच्या खाचेत डीडीआर३ रॅम बसत नाही, हेही विकत घेण्यापूर्वी आठवा.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मशीन वर्षानुवर्षं बंद असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. मग घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जातं, आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो. मी एकदा अर्धा दिवस वाय-फायच्या ड्रायव्हरला दोष देत बसलो होतो. तारीख २००९ ची होती!

पायरी २: दोन डिस्ट्रो निवडा, दहा नाही

रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स किंवा पपी. २ जीबी असेल तर अँटीएक्स, एमएक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती, किंवा जुन्या विंडोजसारखा चेहरा हवा असेल तर ट्रिनिटी डेस्कटॉपचा क्यू४ओएस. ४ जीबीला एमएक्स किंवा लिनक्स मिंट, दोन्हींची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती, लुबुंटूही चालेल. टायनी कोअर अवघ्या २०-२५ एमबीत डेस्कटॉप दाखवतो. बघायला मजा येते, पण त्यात रोजचं काम बसवायला जी मेहनत लागते ती मला पटत नाही.

अँटीएक्स डेबियनवर आधारलेला आहे, पण सिस्टिमडीशिवाय (सिस्टिम सुरू करून सेवा सांभाळणारा तो प्रोग्रॅम). पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम नावाचा छोटा विंडो मॅनेजर वापरतो, म्हणून हलका. दिसायला रूक्ष आहे, लपवाछपवी नको. एमएक्स त्याचाच भाऊ: अँटीएक्स आणि जुन्या मेपिसची मंडळी २०१४ मध्ये एकत्र आली त्यातून निघालेला. दोघांमध्ये पेन ड्राइव्हवरून चालवण्याची सोय इतकी नीट आहे की चाचणीसाठी मी पहिल्यांदा यांच्याकडेच जातो.

पपीचा बाज निराळा. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये तो सुरू केला. तो सुरू होतानाच स्वतःला सगळा रॅममध्ये ओततो, त्यामुळे कूर्मगतीच्या डिस्कवरही प्रोग्रॅम चटकन उघडतात. पहिल्यांदा बंद करताना तो विचारतो, केलेले बदल सेव्ह फाइलमध्ये ठेवू का? इथे "नको" म्हणालात तर वाय-फायचा पासवर्डसुद्धा उद्या पुन्हा टाकावा लागेल. पपीत तुम्ही थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून वावरता. घरच्या एकट्याच्या खेळासाठी ठीक. चार जणांच्या मशीनवर मला ते रुचत नाही.

पायरी ३: पेन ड्राइव्ह तयार करणं

आयएसओ फाइल (अख्खा डिस्ट्रो एका फाइलमध्ये) डिस्ट्रोच्या अधिकृत पानावरूनच उतरवा. शेजारी एसएचए२५६ ची लांबलचक अक्षरमाळ दिलेली असते, ती जुळवून बघा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून "सीआरसी एसएचए" मेनूतून ती निघते. दोन मिनिटांचं काम आहे. अर्धवट उतरलेली आयएसओ मध्येच कुठेतरी अडखळते, आणि आपण मशीनच्या नावाने खडे फोडत बसतो.

मग ४ किंवा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. आयएसओ त्यावर लिहायला विंडोजवर रूफस, आणि कुठेही चालणारा बलेना एचर. यातलं एक पुरे. रूफसमध्ये जुन्या बायोससाठी "एमबीआर" निवडा. "आयएसओ मोड की डीडी मोड" असं त्याने विचारलं, तर अँटीएक्स-एमएक्ससाठी डीडी घ्या. डीडीने लिहिल्यावर विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह भलताच लहान दिसतो किंवा "फॉरमॅट करू का" असं विचारलं जातं. घाबरू नका आणि फॉरमॅटही करू नका. तीन-चार डिस्ट्रो चाखायचे असतील तर व्हेंटॉय सोयीचा. तो एकदाच पेन ड्राइव्हवर बसवायचा, मग आयएसओ फायली नुसत्या कॉपी करत जायच्या, सुरू होताना यादी समोर येते.

"स्टार्ट" दाबण्याआधी मशीनला लावलेल्या बाकीच्या सगळ्या बाह्य डिस्का काढून ठेवा. मी एकदा काढली नव्हती. यादीत दोन नावं होती, डोळ्यांवर झोप होती, आणि फोटोंच्या डिस्कवर अडीच जीबीचं लिनक्स अगदी व्यवस्थित लिहिलं गेलं. फोटोंची दुसरी प्रत होती म्हणून निभावलं.

पायरी ४: त्यावरून मशीन सुरू करणं

मशीन पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, सुरू करताच बूट मेनूचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ १२, एचपीत एस्केप आणि मग एफ ९, आसूसच्या लॅपटॉपात एस्केप, एमएसआयच्या बोर्डात एफ ११. एसरमध्येही एफ १२, पण तो मेनू बऱ्याचदा बायोसमध्ये आधी चालू करावा लागतो.

पेन ड्राइव्ह यादीतच नसेल तर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. काही मशीनांत निळ्या यूएसबी ३ पोर्टवरून बूट होत नाही, काळ्यावरून होतं. यूईएफआय मशीन असेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. फारच जुन्या, यूएसबीवरून बूटच न होणाऱ्या मशीनला सीडी-डीव्हीडीचा रस्ता उरतो.

मेनू आला, एंटर दाबलं आणि पडदा काळा? हा बहुतेक वेळा ग्राफिक्सचा घोटाळा असतो. पुन्हा सुरू करा, मेनूत "सेफ ग्राफिक्स", "सेफ व्हिडिओ" किंवा "नोमोडसेट" असा पर्याय शोधा. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या चिपांवर "पीएई नाही" (पीएई म्हणजे जास्त रॅम वापरता येण्याची प्रोसेसरमधली सोय) असा संदेश येऊन गाडी थांबते. अँटीएक्सच्या ३२ बिट आवृत्तीचा कर्नल पीएई मागत नाही, म्हणून अशा मशीनला तोच बरा. आणि अँटीएक्सने पासवर्ड विचारला तर तो "डेमो", रूटसाठी "रूट". दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत.

पायरी ५: खरी परीक्षा

डेस्कटॉप दिसला की लोक खूश होतात, मेनू उघडून बघतात, वॉलपेपर बदलतात आणि "इन्स्टॉल" वर क्लिक करतात. इथेच थांबा. लाइव्ह सत्रात, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालवताना, तास-दोन तास घालवले की नंतरचे चार दिवस वाचतात.

सुरुवात वाय-फायपासून. नेटवर्कची यादी दिसत नसेल तर चिप बघा. जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉमच्या चिपा कुप्रसिद्ध आहेत, त्यांना वेगळं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं. ते उतरवायलाही इंटरनेट लागतं, म्हणजे पुन्हा तेच दुष्टचक्र. उपाय सोपा: फोन यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क वाटतो आणि बहुतेक वेळा लगेच चालतो. तरीही जमलं नाही तर दुसरा डिस्ट्रो लावून बघा. एकाच चिपसाठी एकात फर्मवेअर आधीच भरलेलं असतं, दुसऱ्यात नसतं.

मग आवाज, हेडफोन, ब्राइटनेसची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. लॅपटॉपचं झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन जागं होतं का? जुन्या मशीनवर मला सर्वात जास्त दगा इथेच मिळालाय. जागं होत नसेल तर तो डिस्ट्रो तुमच्यासाठी नाही, किंवा "झाकण बंद म्हणजे काही करू नको" असं ठरवून टाकायचं.

आता ब्राउझर. नमुन्याची साइट उघडून काही कळत नाही. तुमचा ईमेल, तुमची बँक, तुम्ही रोज वाचता ती बातम्यांची साइट, आणि एक व्हिडिओ, हे सगळं एकत्र उघडा. आणि टास्क मॅनेजर बाजूला ठेवा. टर्मिनलमध्ये एचटॉप असेल तर उत्तमच.

मेमरीचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. "फ्री" या नावाखाली अगदी कमी आकडा दिसला तर दचकू नका. रिकामी पडलेली रॅम लिनक्स डिस्कवरच्या फायली जवळ ठेवायला वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. बघायचा तो "अव्हेलेबल" रकाना. तो १०० एमबीच्या आसपास घुटमळायला लागला की मशीन गुदमरतंय. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) चढत असेल आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला असेल तर एक टॅब बंद करा आणि किती फरक पडतो ते बघा. तुमच्या मशीनची खरी मर्यादा टॅबांत मोजून मिळते: "तीन टॅब आणि एक दस्तऐवज" असं काहीतरी उत्तर येईल. ते पुरेसं आहे का, हे फक्त तुम्हालाच ठाऊक.

लाइव्ह सत्राचा वेग आणि इन्स्टॉल केल्यानंतरचा वेग वेगळा असतो. यूएसबी २ वरून प्रोग्रॅम वाचायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा ब्राउझर उघडताना जांभई येईल. दुसऱ्यांदा उघडा, तो खरा अंदाज. शिवाय लाइव्ह सत्रात केलेले बदल, उतरवलेल्या फायली सगळ्या रॅममध्येच साठतात, त्यामुळे रॅमचं चित्र थोडं वाईट दिसतं. रॅम ४ जीबी असेल तर अँटीएक्स आणि एमएक्सच्या बूट पर्यायांत "टू-रॅम" आहे, त्याने सगळी सिस्टिम रॅममध्ये जाते. वेग सुखावतो, पण मेमरीची चाचणी त्या अवस्थेत करू नका.

व्हिडिओबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण "लिनक्सवर यूट्यूब अडखळतं" ही तक्रार याच पायरीवर येते. यूट्यूब हल्ली शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने व्हिडिओ पाठवतं. २०१० च्या आसपासच्या ग्राफिक्स चिपांना त्या उलगडता येत नाहीत, मग सगळं ओझं प्रोसेसरवर येतं आणि पंखा ओरडायला लागतो. अशा मशीनला जुना एच.२६४ प्रकार पचतो. एच२६४इफाय नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन यूट्यूबला तोच पाठवायला लावतं. सोबत ४८० पी निवडा. त्याहून हलका मार्ग म्हणजे वायटी-डीएलपी आणि एमपीव्ही प्लेअरची जोडी: व्हिडिओ ब्राउझरबाहेरच चालतो. माझ्या २ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये अडखळणारा व्हिडिओ एमपीव्हीत नीट चालला होता.

एका संध्याकाळी मन ठरत नसेल तर पेन ड्राइव्हवर "पर्सिस्टन्स" चालू करा, म्हणजे बदल टिकतील, आणि आठवडाभर तसंच वापरा. अँटीएक्स आणि एमएक्समध्ये यासाठी स्वतःचं लाइव्ह यूएसबी मेकर आहे. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी शेवटपर्यंत इन्स्टॉल केलंच नाही.

पायरी ६: इन्स्टॉल

आधी डेटा. लाइव्ह सत्रातूनच विंडोजची डिस्क उघडून फायली बाहेरच्या डिस्कवर काढता येतात. डिस्क फक्त वाचता येतेय, लिहिता येत नाही असं दिसलं तर विंडोज नीट बंद न होता "फास्ट स्टार्टअप" मध्ये झोपलंय; कॉपी करायला त्याने अडत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स की सगळी डिस्क लिनक्सला? अशा मशीनवर मी सगळी डिस्क देतो. लहान डिस्कचे दोन तुकडे केले की दोन्हीकडे जागा अपुरी पडते, आणि अपडेट नसलेलं विंडोज तसंही ऑनलाइन न्यायचं नसतं. इन्स्टॉलरला "संपूर्ण डिस्क वापर" सांगा, फाइलसिस्टिम ईएक्सटी४, स्वॅप २ ते ४ जीबी. डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा. पेन ड्राइव्हही त्याच यादीत असतो.

पायरी ७: पहिल्या दिवशीची कामं

सगळे अपडेट घ्या. मग झेडरॅम बसवा. डेबियन वंशाच्या डिस्ट्रोंत "झेडरॅम-टूल्स" नावाचं पॅकेज आहे, काहींत ते चालूच असतं. यात रॅमचाच एक भाग दाबून साठवलेल्या स्वॅपसारखा वापरला जातो. प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण फिरणाऱ्या डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा ते कितीतरी वेगवान. १-२ जीबीच्या मशीनवर फरक लगेच जाणवतो.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती न दिसणं हा फायदा आहेच, पण इथे मुद्दा असा की त्यांच्यासोबत येणारा स्क्रिप्टांचा ढीग रॅममध्ये शिरतच नाही. एक्सएफसीई असेल तर विंडो मॅनेजरच्या बारकाव्यांत जाऊन कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या वगैरे दाखवणारा भाग) बंद करा. सावल्या गेल्या तरी चालतं.

देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर लोहित किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट पॅकेज मॅनेजरमधून घ्या. टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट मांडणी मिळते. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागेल.

ब्राउझर जमलाच नाही तर

काही मशीनांवर हे सगळं करूनही तीन टॅबांत दम लागतो. अशांना ब्राउझर नसलेली कामं द्या. डेस्कटॉप न घेता नुसतं डेबियन बसवलं तर ५१२ एमबी रॅमही पुरते, आणि साम्बा घालून घरातल्या फायलींची सामायिक जागा, जुन्या प्रिंटरचा सर्व्हर, किंवा पाय-होल घालून घरभराच्या जाहिराती अडवणारं मशीन तयार होतं. लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण तो वीज कमी घेतो; ताज्या डेबियनसाठी तो ६४ बिटचा मात्र हवा. पेंटियम ४ चा डेस्कटॉप दिवसरात्र चालवायच्या आधी विजेच्या बिलाचा विचार करा. लॅपटॉप झाकण लावून ठेवायचा असेल तर सिस्टिमडीच्या लॉगइनडी कॉन्फिग फाइलमध्ये "हँडल लिड स्विच" ची किंमत "इग्नोर" करा, नाहीतर झाकण लावताच सर्व्हर झोपी जाईल. आणि सतत चार्जरवर राहणार म्हणून बॅटरी तपासा: फुगलेली असेल तर बाहेर काढा, मशीन थेट विजेवर चालवा.